रकाना सात

पूर्वी ज्या खोलीत एनसीसीच्या रायफली असायच्या
तिथं आता गुणवत्ता कक्ष बसतो.
मुंजाजी टाईप करतो, मी सांगते.
बढतीचा फॉर्म. गंगाखेडची दुपार. पंखा नुसता आवाजाला.

"शोधनिबंध, म्याडम?"
अकरा.
"मान्यताप्राप्त यादीतले?"
दोन. तसे तीन, पण एक नियतकालिक संपादकाबरोबरच गेलं.
"त्याचा नंबर?"
नंबर नव्हता रे तेव्हा. पोस्टाची पावती आहे.
मुंजाजी पावतीकडं बघतो,
आपल्या आजोबांच्या दातांकडं बघावं तसा.

"आता रकाना सात. किती जणांनी तुमचा हवाला दिला?"
त्यानं माझं नाव टाकलं.
आधी आला पुण्याचा हाडांचा डॉक्टर,
आडनाव माझं, आद्याक्षरंही माझीच, हवाले चारशे बारा.
"घेऊन टाकू का?" म्हणाला. हसलो दोघंही.
मग खाली, आणखी खाली,
मी.
हवाले : एक.

तीस वर्षांत एक.
चष्मा पुसला. पदर नीट केला, उगीच,
जसं कुणी दाराशी आलंय.

कोल्हापूरकडचा कुणी मुलगा. प्रबंध.
पान दोनशे तीन, तळाला, मुंगीएवढ्या अक्षरात :
'थारोळे हा शब्द धारेवरून आला, असे मगर म्हणतात.
हे मत टिकणारे नाही. मूळ शब्द थारा.'

मी थारोळ्यावर लिहिलं होतं, नाड्यावर, सोंदुरावर,
बैल मागं सरताना धावेवर म्हणायच्या आरोळ्यांवर;
मोटा गेल्या, इंजिनं आली, इंजिनंही गेली,
आणि थारोळं उरलं फक्त पेपरात, रक्ताचं.
वर्गात विचारलं तर पोरं तेवढंच सांगतात.

मुंजाजी, नाकारलं असलं तरी मोजतात का?
"मोजतात की. मशीनला भांडण कुठं कळतंय?"

घरी येऊन माळ्यावरची ट्रंक काढली.
एक्क्याण्णवची वही, खळी, कातड्याचा वास अजून पानांना,
की मलाच येतोय.
लिंबाजी कटके मोट शिवत बसलेले, शेवटचीच,
गिऱ्हाईक नसलेली; हात रिकामे राहू नयेत म्हणून.
"काय लिहूलालात, बाई? हे काय लिहायचं असतंय का?"
मी विचारलं होतं, थारोळं का म्हणतात.
त्यांनी दाभण तोंडात धरली, दोरा ओढला,
आणि दाभणीच्या बाजूनं बोलले :
"येवढ्या खोलून वर आलेल्या पाण्याला
घटकाभर थारा पाह्यजे का नगं?"

हे वहीत आहे. माझ्याच अक्षरात.
आणि त्यावर माझ्याच पेनाची आडवी रेघ,
समासात शेरा : लोकव्युत्पत्ती, अग्राह्य.

छापील निबंधात त्यांचं नाव शोधलं.
पान चार : 'एका वृद्ध माहीतगाराने सांगितल्याप्रमाणे.'
चाळीस शब्द दिले होते त्यांनी.
मी त्यांना दिले हे चार, त्यात एक वृद्ध.

त्या मुलाला पत्र टाकलंय.
तुमचं बरोबर आहे, असं.
पण ते तुमच्याआधी, माझ्याही आधी,
लिंबाजी सटवाजी कटके, मुक्काम खळी, म्हणाले होते;
पुढच्या आवृत्तीत माझं नाव खोडा, त्यांचं घाला.
उत्तर नाही अजून. पोरं कामात असतात.

दुसऱ्या दिवशी मुंजाजीला म्हटलं,
फॉर्ममध्ये कुठं लिहिता येईल का, आपण कुणाचं बुडवलं ते?
त्यानं खरंच शोधलं, वरून खाली, खालून वर.
"तसा रकाना न्हाई, म्याडम.
सातमध्ये एक टाकू?
लवकर सांगा, चारला लाईट जाती."